गराजचं दार मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते : अमेरिकेत नवीन घर घेतलेल्यांसाठी

अमेरिकेत पहिलं घर घेतलं की किल्ल्यांसोबत गराजचे एक-दोन रिमोट हातात पडतात, बटण दाबलं की दार वर, परत दाबलं की खाली, एवढंच आपल्याला माहिती असतं आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या दाराकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जड हलणारी वस्तू तीच असते तरीही. आपल्यापैकी बरेच जण फ्लॅटमध्ये वाढलेले, खाली कॉमन पार्किंग, त्यामुळे ही वस्तू लहानपणापासून बघितलेली नसते आणि शिकवणारंही कोणी नसतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

आमच्याकडे न्यू जर्सीत जानेवारीतल्या एका सकाळी गराजमधून बार काढल्यासारखा आवाज आला. आई-बाबा सांगलीहून आलेले होते, आई चहा टाकत होती, तिला वाटलं पाण्याचा हीटरच फुटला. मी धावत गेलो, हीटर ठीक, गाड्या ठीक, काहीच दिसेना. ऑफिसला उशीर होत होता म्हणून बटण दाबलं तर दार कण्हत जेमतेम वीतभर उचललं आणि थांबलं. परत दाबलं, परत तेच. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "अरे मोटरला कशाला छळतोयस, वर बघ, स्प्रिंग तुटलीय." बाबांचं सांगलीत तीस वर्षं दुकान होतं, त्यामुळे त्यांना ते एका नजरेत कळलं. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जी जाडजूड स्प्रिंग असते तिच्यात मधोमध दोन बोटांची फट पडली होती.

बाबांनी तेव्हा जे सांगितलं तेच या लेखाचं मूळ आहे. दुकानाचं लोखंडी शटर किती जड असतं, पण सकाळी दुकानदार एका हाताने वर ढकलतो, कारण वरच्या गोल नळीत स्प्रिंग असते, शटर खाली येताना ती आवळली जाते आणि वर जाताना तीच वजन उचलते. शटर जड लागायला लागलं की आपण काय म्हणतो, स्प्रिंग ढिली पडलीय. गराजच्या दाराचंही अगदी तेच आहे. दोन गाड्यांचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, स्टीलचं असलं तरी दीडशे पौंडांच्या, म्हणजे ७० किलोच्या आसपास किंवा जास्त, आणि लाकडी असेल तर ३०० पौंडांपर्यंतही जातं. छताला टांगलेली ती अर्ध्या-पाऊण हॉर्सपॉवरची मोटर हे वजन उचलायला बनवलेलीच नाही. स्प्रिंगने वजन तोललं की जे थोडंसं उरतं तेवढंच ती ओढते आणि ढकलते. हे एकदा डोक्यात बसलं की दार कधी बिघडतं, काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे सगळं आपोआप उलगडत जातं.

(हे दार मुळात अमेरिकेतलंच. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेचा ओपनर, म्हणजे दार उघडबंद करणारी मोटर. शंभरेक वर्षं झाली पण मूळ कल्पना तीच आहे.)

आधी गराजमध्ये उभं राहून ओळख करून घ्या

दार बंद करा, लाइट लावा आणि आतून दाराकडे तोंड करून उभे राहा. दाराच्या वर आडवा दांडा आणि त्यावर गुंडाळलेली एक किंवा दोन स्प्रिंग दिसत असतील तर ती टॉर्शन स्प्रिंग. तिथे काही नसेल आणि दोन्ही बाजूंना छताजवळच्या आडव्या ट्रॅकच्या वर लांब ताणलेल्या स्प्रिंग असतील तर त्या एक्स्टेन्शन स्प्रिंग. या दुसऱ्या प्रकारात एक गोष्ट आत्ताच बघून घ्या, प्रत्येक स्प्रिंगच्या पोटातून एक बारीक तारेची केबल गेलेली असली पाहिजे आणि ती दोन्ही टोकांना बांधलेली असली पाहिजे. स्प्रिंग तुटली तर ती केबल तिला धरून ठेवते, नाहीतर तुटका तुकडा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. केबल नसेल तर माणूस बोलावून बसवून घ्या, ते पुढे ढकलू नका.

मग दाराच्या दोन्ही कडांना ट्रॅकमध्ये फिरणारे रोलर, दाराच्या आडव्या तुकड्यांना म्हणजे पॅनेलना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यांतून वर जाणाऱ्या तारेच्या केबल. छताला मोटरचा डबा, तिथून दारापर्यंत येणारा लांब रूळ, त्यावर धावणारी ट्रॉली, आणि ट्रॉलीला लोंबणारी लाल मुठीची दोरी. रुळात सायकलसारखी चेन असेल तर आवाज जास्त पण दणकट, रबरी बेल्ट असेल तर शांत, वर बेडरूम असेल तर बेल्टच बरा. शेवटी दाराच्या दोन्ही बाजूंना अगदी जमिनीजवळ दोन छोटे डोळे, ते सेन्सर.

स्प्रिंग किती टिकते? साधी स्प्रिंग १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते, दार एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जवळपास सात वर्षं. पण आपल्या घरात गराज हेच खरं तर मुख्य दार असतं, ऑफिस, शाळा, क्लास, ग्रोसरी सगळं तिथूनच, त्यामुळे दिवसाला आठ फेऱ्या सहज होतात आणि मग तीच स्प्रिंग साडेतीन वर्षांत संपते.

घर ताब्यात आलं की पहिल्याच दिवशी

बाहेरच्या दाराचं कुलूप बदलायचं हे सगळ्यांना सुचतं, पण गराजचे जुने कोड पुसायचे हे सुचत नाही. आधीच्या मालकाचा एखादा रिमोट शेजाऱ्याकडे असतो, एखादा जुन्या गाडीत राहिलेला असतो, साफसफाईवाल्यांना कीपॅडचा नंबर दिलेला असतो, आणि गराजमधून घरात येणारं आतलं दार बहुतेक जण लॉक करत नाहीत.

शिडी घ्या आणि मोटरच्या डब्यावर मागे किंवा बाजूला लर्न असं लिहिलेलं छोटं बटण शोधा, कधीकधी ते दिव्याच्या कव्हरखाली असतं. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या ब्रँडच्या ओपनरवर ते बटण साधारण सहा सेकंद दाबून धरलं की शेजारचा बारीक दिवा विझतो आणि सगळे रिमोट आणि कीपॅड एका झटक्यात पुसले जातात. मग आपले रिमोट एकेक करून जोडायचे, लर्न एकदा दाबून सोडायचं आणि ३० सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबायचं, मोटरचा दिवा लुकलुकला किंवा खट् आवाज आला की जोडला गेला. नवीन रिमोट विकत घ्यायचा असेल तर त्या लर्न बटणाचा रंग लक्षात ठेवून जा, पिवळं, जांभळं, नारिंगी, हिरवं, रंगावरून कुठला रिमोट चालेल ते ठरतं. ओपनर फोनच्या ॲपला जोडलेला असेल तर जुन्या मालकाच्या खात्यातून तो काढला गेलाय का हेही बघा, नाहीतर ते तिकडे बसून आपलं दार उघडू शकतात. आणि आपण जुनी गाडी विकताना तिच्या आरशाजवळच्या गराज उघडायच्या बटणांतला कोडही पुसायचा, हे उलट्या बाजूने तितकंच महत्त्वाचं.

रिमोट उघडल्यावर आत बारीक पांढऱ्या खटक्यांची रांग दिसली तर तो जुन्या काळचा ठरलेल्या कोडचा ओपनर आहे. सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने २०१५ मध्ये मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे ओपनर दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले होते. नवीन ओपनर प्रत्येक वेळी वेगळा कोड पाठवतात. तुमचा खटक्यांचा असेल तर बाकी काही न बघता तो बदला.

ते दोन डोळे

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरला कोणी दाराखाली अडकू नये म्हणून जास्तीची व्यवस्था असणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण त्याआधी दाराखाली सापडून लहान मुलं गेलेली आहेत. बहुतेक ओपनरमध्ये ती व्यवस्था म्हणजे हे सेन्सर. एक डोळा अदृश्य किरण सोडतो, समोरचा तो पकडतो, मध्ये काही आलं की दार बंद होत नाही, होत असेल तर उलटं फिरतं. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नकोत, कारण रांगणारं बाळही त्या रेषेत आलं पाहिजे. कटकट नको म्हणून कोणी दोन्ही सेन्सर वर छताजवळ एकमेकांसमोर चिकटवून ठेवलेले असतील तर त्याच दिवशी खाली आणा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

दार बंद करायला गेलं की मोटरचा दिवा लुकलुकतो आणि दार परत वर जातं, ही नव्या लोकांची सगळ्यात कॉमन तक्रार, आणि दहातल्या नऊ वेळा कारण तिथे खालीच असतं. गुडघ्यावर बसून बघा. चेंबरलेन-लिफ्टमास्टरमध्ये किरण सोडणाऱ्या डोळ्यावर पिवळसर दिवा आणि पकडणाऱ्यावर हिरवा. हिरवा मंद असेल किंवा थरथरत असेल तर आधी मऊ फडक्याने काच पुसा. आमच्याकडे एकदा हिरवा दिवा दर तीन-चार सेकंदांनी विझून परत लागत होता, मला काही दिसेना, शेवटी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा काचेपासून ट्रॅकपर्यंत कोळ्याचा एकच धागा आणि त्यावर लटकलेलं वाळकं पान दिसलं, वाऱ्याने ते हललं की किरण तुटायचा. पुसूनही जमलं नाही तर डोळ्यामागचा पंख्यासारखा नट ढिला करून डोळा किंचित फिरवा, दिवा ठाम हिरवा झाला की आवळा. मुलांच्या सायकली आणि कचऱ्याचे डबे लागून तो कायम वाकडा होतो. दार पश्चिमेकडे असेल आणि फक्त संध्याकाळीच त्रास होत असेल तर उन्हाची तिरीप पकडणाऱ्या डोळ्यात जातेय, दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करून पकडणारा सावलीच्या बाजूला घ्या.

रात्री उशीर झालाय आणि काहीच जमत नाही, तर भिंतीवरचं बटण दार पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा, बहुतेक ओपनर अशाने बंद होतात, पण दार डोळ्यांसमोर असताना आणि खाली कोणी नसतानाच.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं

पहिली चाचणी तोलाची. दार पूर्ण बंद असतानाच लाल दोरी ओढा, उघडं असताना कधीच नाही, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर ते दार सरळ खाली कोसळतं आणि त्याला धरणारं काहीच नसतं. दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. आता हाताने उचला. तोल बरोबर असेल तर ते दुकानाच्या शटरसारखं हलकं वर येईल, कमरेच्या उंचीवर आणून हळूच हात सैल केला की तिथेच थांबेल. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग दमलीय, आपणहून वर पळायला लागलं तर जास्त आवळलीय, दोन्हींत माणूस बोलवायचा. हात खालच्या कडेला किंवा मुठीला ठेवा, पॅनेलच्या मधल्या फटीत बोटं घालू नका, दार वळताना ती फट मिटते. झालं की दार खाली आणा, ट्रॉली परत अडकवा (मॉडेलप्रमाणे दोरी ओढायची दिशा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं) आणि बटण दाबा, कट् असा आवाज आला की जोडलं गेलं.

ही चाचणी मी आधी महिन्यातून सोडा, वर्षातून एकदा जरी केली असती तरी जानेवारीची ती सकाळ कदाचित टळली असती, कारण दार जड झाल्याचं हाताला कळलं असतं, मोटर ते आपल्यापासून लपवत राहते आणि स्वतः झिजत राहते.

दुसरी चाचणी लाकडाची. होम डिपोसारख्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा टू-बाय-फोरच्या लाकडाचा तुकडा दाराच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवा, साधारण दीड इंच उंची होते, आणि दार बंद करा. लाकडाला टेकल्याबरोबर, फार तर दोन सेकंदांत, ते परत वर गेलं पाहिजे. दाबत राहिलं किंवा नुसतं थांबलं तर मोटरची ताकद किंवा खाली थांबायची जागा नीट लावलेली नाही. जुन्या ओपनरला त्यासाठी स्क्रूसारखे दोन खटके असतात, नव्यात बटणं, मॅन्युअल बघून थोडं थोडं बदलायचं आणि दर वेळी परत लाकूड ठेवून बघायचं. दार अडतंय म्हणून ताकद वाढवत नेऊ नका, अडतंय का ते शोधा. तिसरी चाचणी झाडूची, दार खाली येत असताना झाडूचा दांडा सेन्सरसमोर आडवा धरा, ते उलटं फिरलं पाहिजे. या दोन्हींपैकी एकीतही नापास झालं तर दुरुस्त होईपर्यंत ओपनर वापरू नका, दार हाताने उघडा.

तेलपाणी

वर्षातून दोनदा पुरतं. आम्ही दिवाळीला आणि पाडव्याला करतो, म्हणजे थंडीच्या आधी एकदा आणि थंडी संपल्यावर एकदा, लक्षातही राहतं. गराज डोअर ल्युब्रिकंट असं लिहिलेला किंवा सिलिकॉनचा स्प्रे घ्या. प्रत्येकाच्या घरात असतो तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-फॉर्टीचा साधा डबा यासाठी नको, तो गंज आणि मळ काढायला चांगला पण वंगण म्हणून टिकत नाही. बिजागऱ्यांच्या खिळीवर, रोलरच्या बेअरिंगवर, दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर थोडं थोडं, आणि स्प्रिंगवर वरून हलका फवारा, जमिनीवर जुनं कापड टाकून. रोलरची चाकं पांढऱ्या नायलॉनची असतील तर चाकावर नको, फक्त मधल्या बेअरिंगवर. ट्रॅकमध्ये तेल अजिबात घालू नका, तिथे धूळ चिकटून चिखल होतो, ट्रॅक नुसता कोरड्या फडक्याने पुसायचा. बेल्टला काहीही लावायचं नाही. सॉकेट पाना घेऊन बिजागऱ्यांचे आणि ट्रॅकचे सैल झालेले बोल्ट आवळा, दिवसात आठ वेळा दार थरथरतं, ते सैल होतातच. फक्त खालच्या दोन कोपऱ्यांतल्या ज्या पट्ट्यांना केबल बांधलेली असते त्यांना पाना लावू नका, बऱ्याचदा ते बोल्ट मुद्दाम लाल रंगवलेले असतात, त्यांच्यावर स्प्रिंगचा सगळा ताण असतो.

आणि तसंच स्प्रिंगचं. यूट्यूबवर स्प्रिंग बदलायचे भरपूर व्हिडिओ आहेत, आपल्यातले बरेच जण हाताने काम करणारे, हौशी, पण कृपा करून हे करू नका. आवळलेली स्प्रिंग अख्खं दार उचलते, तीच ताकद, हातातून स्प्रिंग आवळायची सळई निसटली तर, मनगटावर किंवा तोंडावर येते. माणूस बोलवा, पण दोघा-तिघांना विचारून. आमच्याकडे पहिला जो आला त्याने स्प्रिंगसोबत रोलर, केबल, मोटर आणि शेवटी दारही बदला असं सांगितलं, दुसऱ्याने तोलाची चाचणी करून दाखवली, दोन्ही स्प्रिंग बदलल्या आणि तासाभरात काम संपवलं. दोन असतील तर दोन्ही एकदम बदलायच्या, कारण दोघींच्या फेऱ्या सारख्याच झालेल्या असतात. किती फेऱ्यांची स्प्रिंग बसवताय हे विचारा, जास्त फेऱ्यांची थोडी महाग पडते पण आपल्यासारख्या वापराला तीच परवडते.

छोट्या छोट्या अडचणी

भिंतीवरचं बटण चालतं पण एकही रिमोट चालत नाही, तर भिंतीवरच्या पॅनेलवर कुलपाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय, ते काही सेकंद दाबून सोडवा, लहान मुलं हे हमखास करतात. रिमोट फक्त अगदी जवळ आल्यावर चालतो, तर आधी बॅटरी, बहुतेक नव्या रिमोटला सीआर-२०३२ ही चपटी लागते. बॅटरी बदलूनही तेच, तर मोटरमध्ये लावलेला एलईडी बल्ब काढून बघा, काही स्वस्त एलईडी रिमोटच्या लहरींत गोंधळ घालतात, ओपनरसाठी वेगळे बल्ब मिळतात.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दार जागचं हलत नाही, तर लाल दोरी कोणी ओढून ठेवलीय का बघा. तसं नसेल, ओपनर चेनचा आणि जुना असेल आणि डब्याखाली पांढरा प्लास्टिकचा भुगा पडलेला असेल तर आतलं दातेरी चाक झिजलंय, त्याचा किट मिळतो. बर्फाच्या दिवसांत खालची रबरी पट्टी जमिनीला गोठून चिकटते, तेव्हा बटण दाबत राहिलं की तेच चाक जातं. पट्टीच्या कडेने प्लास्टिकच्या खरवडणीने हळूहळू बर्फ सोडवा. पट्टीवर आधीच सिलिकॉनचा हात फिरवला असेल तर चिकटणं बरंच कमी होतं.

लाइट गेल्यावर दार बंद असेल तर लाल दोरी ओढून हाताने उघडायचं, स्प्रिंग चांगली असेल तर सत्तर वर्षांच्या माणसालाही जमतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी, तिथे २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना गराजमधून गाड्या काढता आल्या नाहीत, काहींचे जीव गेले, त्यानंतर १ जुलै २०१९ पासून नवीन ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा झाला. बाकी राज्यांतही नवीन घेताना बॅटरीवालाच घ्या. थंडीत गाडी गरम करायला दार बंद ठेवून इंजिन सुरू करू नका, दार अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नाही, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि तो थेट घरात शिरतो.

मुलांना दाराखालून पळत जायची शर्यत लावू देऊ नका, आणि भिंतीवरचं बटण पाच फुटांच्या वर असू द्या. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात गराजमध्ये नेऊन लाल दोरी कुठली, ती कधी ओढायची आणि कधी नाही, हे त्यांच्या हाताने करून दाखवा, आपण ऑफिसात असताना ते घरी एकटे असतात. आमच्या बटणाशेजारी आता बाबांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे : वर स्प्रिंग बदलल्याची तारीख, मधे मेकॅनिकचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत, "दार उघडे असताना लाल दोरी ओढू नये."